मुलींची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल ढाल : गोल एकीनं केला, सामना जिंकवला दुसऱ्यांनीच

गणिताच्या_बाई (धागाकर्ती)

यंदा आमच्या कॉलेजच्या मुलींनी नागपूर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा जिंकली. कॉलेजचं आणि मुलींचं नाव इथे देत नाही. पेपरात फोटो आला तो फायनलचा गोल करणाऱ्या फॉरवर्डचा. पोरगी गुणाची आहे, तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण ही ढाल मागच्या चौघींनी, गोलकीपरनं आणि एका रक्ततपासणीनं आणली, असं माझं ठाम मत आहे. ते नीट मांडता यावं म्हणून हा धागा.

मी गणित शिकवते. मुलींचा संघ बाहेर जातो तेव्हा सोबत एक महिला प्राध्यापक लागते, त्या नात्यानं मी मॅनेजर. मैदानावरचं सगळं आमचे स्पोर्ट्सचे सर बघतात. माझ्याकडे फॉर्म, डबे, प्रवास आणि मुलींच्या घरच्यांशी बोलणं.

जुलैत सराव सुरू झाला तेव्हा सरांनी पहिल्या दिवसांत चेंडू फारसा काढलाच नाही. पळायला लावलं आणि कोण कधी खाली बसतं ते वहीत लिहून ठेवलं. बसणाऱ्या मुली आळशी नव्हत्या. ओठ पांढरे पडलेले, 'डोळ्यांपुढे अंधारी येते' म्हणायच्या. एकजण तर म्हणाली, "मॅडम, मला शाळेपासून असंच होतं." तिच्या लेखी ते नेहमीचंच होतं, तक्रार करण्यासारखं नाही. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. बाईमाणसाचं १२ ग्रॅमच्या खाली असलं की तो अ‍ॅनिमिया. आमच्या अर्ध्याहून जास्त मुली त्या रेषेखाली निघाल्या. नवल वाटायचं कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया अ‍ॅनिमियाच्या आढळल्या आहेत. म्हणजे कुठल्याही कॉलेजनं मुलींचा संघ उभा केला की ही गोष्ट संघात आधीच येऊन बसलेली असते.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळायची, ती मळमळते म्हणून बाकाखाली टाकायचो, असं दोघीतिघींनी सांगितलं. बाईंनी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितली, बऱ्याच जणींची मळमळ थांबली. जेवणानंतर लगेच चहा बंद, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. सरावानंतर शेंगदाणे-गूळ, फुटाणे, मोड आलेल्या मटकीवर लिंबू. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तशी एका मुलीच्या घरून पोतंभर आली. सप्टेंबर संपेस्तोवर त्याच मुली शेवटची पंधरा मिनिटं पळत होत्या. ढालीचं खरं कारण विचाराल तर मी आधी हे सांगीन.

दुसरं कारण मागच्या चौघी. सरांनी सुरुवातीलाच चार मुली पक्क्या केल्या आणि एकदाही बदलल्या नाहीत. एकीला ताप होता तेव्हा सराव सामना रद्द केला, पण जागी दुसरी उभी केली नाही. मला तेव्हा ते अति वाटलं होतं. नंतर कळलं की ऑफसाइडची रेषा (पास होताना आमच्या चौघींच्याही पलीकडे, गोलजवळ उभी असलेली फॉरवर्ड ऑफसाइड ठरते) धरायची तर चौघींनी एकाच क्षणी पुढे सरकायला हवं. एक मागे राहिली की समोरची फॉरवर्ड मोकळी सुटते. आमची स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध खेळणारी, 'लाईन धर!' म्हणून ओरडायची, तो आवाज मैदानाबाहेर रविनगरच्या रस्त्यावर ऐकू जायचा. तिची एक सवय मी कडेला बसून पुष्कळदा पाहिली. चेंडू लांब असताना ती डोळे चेंडूवर ठेवायची आणि डावा हात मागे, तळवा उघडा. समोरची फॉरवर्ड कुठे सरकली हे तिला त्या हाताला लागणाऱ्या जर्सीवरून समजायचं. धरायची नाही, ढकलायची नाही, फक्त माहिती घ्यायची. सगळ्या स्पर्धेत चालू खेळात आमच्यावर एकही गोल झाला नाही.

तिसरी कीपर. सावनेरकडची मुलगी, कबड्डीत डावा कोपरा खेळायची. फुटबॉल कधी खेळलेली नव्हती. सरांनी तिला घेतलं ते एकाच गुणावर : पडायला घाबरत नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पडणं सोपं असतं, चिखल सांभाळून घेतो. ऑक्टोबरात तीच माती दगड होते, भेगा पडतात, गुडघे-कोपरं सोलून निघतात. ती रोज सोलून घ्यायची आणि हळद लावून दुसऱ्या दिवशी परत हजर.

सेमीफायनल ०-० राहिली, पेनल्टी शूटआउटवर गेली. तिथं तिनं दोन अडवल्या. कसं, हे विचारल्यावर म्हणाली, "कबड्डीत चढाईवाल्याच्या पायाकडेच बघतो ना आम्ही. ही मारते त्या पायाकडे नाही बघायचं, टेकवते त्या पायाकडे बघायचं. पंजा जिकडं, चेंडू तिकडं." दर वेळी खरं ठरत नाही म्हणे, पण त्या दिवशी ठरलं.

आता फायनल. सत्तर मिनिटं होऊन गेली, ०-०. समोरचा संघ तगडा होता, पण दमला होता, आणि त्यांची कीपर चेंडू हातात आला की वेळ काढत होती. १ जुलै २०२५ पासून फुटबॉलमध्ये नवा नियम आलाय : कीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक. नियमांचं ते पान मी मेट्रोत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. पंचांनी हात वर केला, एकेक बोट मिटायला लागले. आमच्या कॅप्टननं ते बघितलं आणि शिट्टी व्हायच्या आधीच स्टॉपरला हाक मारली, "वर ये!" कॉर्नर मिळाला. स्टॉपरनं उडी मारून डोक्यानं चेंडू खाली पाडला आणि फॉरवर्डनं दोन पावलांवरून आत ढकलला. १-०.

पेपरात आलं ते शेवटचं ढकलणं. बाकीचं इथे लिहून ठेवते.

---

कामठीचा_हाफ

बाई, अभिनंदन! वाचून अंगावर काटा आला बाप्पा. मागच्या चौघींत एखादी तरी आमच्या कामठीची असनारच, पैज लावतो. आमच्याकडं १८२१ पासूनची छावणी, गल्लोगल्ली फुटबॉल. पोट्टे चालायला लागले का पायात चेंडू. आता पोरीपण खेळून राहिल्या, हे पाहून लय बरं वाटते.

एक इचारतो. कामठीहून सकाळच्या सरावाला पोरी येत कशा होत्या? माह्या भाचीचं तेच अडलं. खेळ चांगला, पण अंधारात निघायचं म्हनलं का घरचे नाही म्हनते.

---

गणिताच्या_बाई

दोघी कामठीच्या आहेत, तुम्ही पैज जिंकलात. लेफ्ट बॅक आणि एक स्टॉपर.

येण्याचं असं केलं : घरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एकीचे वडील दोघींना दुचाकीवर सोडायचे, तिथून मेट्रोची ऑरेंज लाईन, सीताबर्डीला गाडी बदलून अ‍ॅक्वा लाईन. डिसेंबर २०२२ मध्ये कामठी रोडचा मार्ग सुरू झाला नसता तर या दोघी संघात नसत्या. सराव संध्याकाळी न ठेवता सकाळी ठेवला तोही याचसाठी. जाताना अंधार असला तरी येताना उजेड असतो, आणि घरच्यांना काळजी येतानाचीच जास्त असते. पहिले काही दिवस वडिलांना मैदानावर येऊन बसायला सांगितलं. एकदा त्यांनी सराव पाहिला की नंतर फोन येत नाहीत. भाचीच्या घरच्यांना घेऊन या, मी बोलते त्यांच्याशी.

---

जुना_रविनगरी

अभिनंदन मनापासून. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एक, मुलींच्या स्पर्धेत संघच थोडे उतरतात. मुलांना ढालीपर्यंत जायला जेवढे सामने काढावे लागतात तेवढे मुलींना लागत नाहीत. दोन, क्लबात घडलेल्या मुलींना प्रवेश द्यायचा आणि मग कॉलेजचा विजय म्हणायचं, हे मला पूर्वीपासून पटत नाही. आमच्या वेळी वर्गातली पोरं खेळायची. आणि निर्णायक गोल वेळकाढूपणाच्या कॉर्नरवर! नियम असेल, पण त्यावर ढाल ठरावी हे मनाला लागतं.

---

शिट्टी_आणि_कार्ड

मी जिल्ह्यात सामने चालवतो, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर लिहितो.

आधीचा नियम सहा सेकंदांचा होता आणि शिक्षा होती गोलजवळून इनडायरेक्ट फ्रीकिक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी किक. ती शिक्षा इतकी अवघड व्हायची की पंच ती देतच नसत. अख्खा संघ गोलरेषेवर भिंत करून उभा, धक्काबुक्की, पुन्हा वाद. त्यामुळे कीपर वीस-वीस सेकंद चेंडू कवटाळून पडायचे. म्हणून वेळ वाढवून आठ केली आणि शिक्षा सोपी केली, कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंचानं हात वर करून बोटांनी दाखवायचे असतात. म्हणजे कीपरला पाच वेळा सांगितलं जातं. त्या मैदानावर ती बोटं एका कॅप्टनला दिसली आणि दुसऱ्या संघात कोणाला दिसली नाहीत. हा खेळच आहे, रविनगरी साहेब. नियम दोन्ही बाजूंना सारखा होता.

शूटआउटबद्दल एक भर. किक मारली जाते त्या क्षणी कीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा. कबड्डीवाली मुलगी पुढं झेपावली नसणार, बाजूला झेपावली असणार. म्हणूनच तिच्या दोन्ही अडवणुका टिकल्या. नव्या कीपर इथेच फसतात.

---

गणिताच्या_बाई

शिट्टी सर, अगदी बरोबर. सरांनी तिच्या मागच्या टाचेला लागून चुन्याची रेघ मारून सराव घेतला होता.

रविनगरी सर, राग कशाचा. पण पहिल्या मुद्द्याचं उत्तर देते. संघ थोडे असतात हे खरं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चार जिल्ह्यांचं विद्यापीठ, आणि मुलींचे फुटबॉल संघ तेवढेसे येत नाहीत. का येत नाहीत ते मी या वर्षात जवळून पाहिलं. मुलींना कपडे बदलायला जागा नसते. सोबत जायला महिला प्राध्यापक तयार नसतात, कारण तो दिवस रजेत धरतील की कामात हे स्पष्ट नसतं. एका ठिकाणी आम्ही सामन्याला गेलो तर मैदानाजवळ स्वच्छतागृह नव्हतं आणि मुलींनी सकाळपासून पाणी प्यायलंच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नव्वद मिनिटं, पाणी न पिता. सामने कमी असतील, पण एकेका सामन्यापर्यंत पोचायला या मुलींना जे ओलांडावं लागतं ते मुलांच्या ड्रॉमध्ये कुठेच मोजलं जात नाही. आणि ज्या संघाला आम्ही फायनलमध्ये हरवलं तोही हेच सगळं ओलांडून आला होता. त्यांची ढाल हुकली याचं मला वाईट वाटलं, खरंच.

क्लबचा मुद्दा : माझ्या वर्गात लेफ्ट बॅक बसते. इंटिग्रेशन तिला येतं. ती वर्गातलीच मुलगी आहे.

---

कामठीचा_हाफ

रविनगरी भाऊ, तयार पोरी घेतल्या म्हनता, पन तयार कोनी केल्या? क्लबात कोनी पगार घेऊन शिकवत नाही. मानूस दिवसभर दुकानात बसते, संध्याकाळी पोरापोरींना खेळवते. जाळी फाटली तर स्वतःच शिवते. तिथून पोरगी कॉलेजात गेली, शिकून राहिली, खेळून राहिली, तर क्लबचं सार्थक झालं. कॉलेजनं नाव कमावलं तर कमावू द्या ना.

---

धंतोलीची_फिजिओ

रक्ततपासणीचा भाग वाचून फार बरं वाटलं. त्याला जोडून गुडघ्याचं लिहिते, कारण पालक वाचत असतील.

मुलींमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची (लिगामेंटची) दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. बहुतेक वेळा कोणी धडकलेलं नसतं. पळता पळता वळताना किंवा उडीवरून खाली येताना गुडघा आत झुकतो आणि तो बंध तुटतो. माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याच मुलींचं वर्ष गेलेलं असतं. यावर घाबरून खेळ बंद करणं हा उपाय नाही. 'फिफा ११+' नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, फुकट. हळू पळणं, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, मग वेगानं पळणं. नेमानं करणाऱ्या संघांमध्ये दुखापती लक्षणीय कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. बघायचं एकच : उडीवरून उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या सरळ रेषेत आहे की आत पडतोय. मोबाईलवर समोरून व्हिडिओ घ्या, मुलीला दाखवा. ती स्वतःच सुधारते.

बाई, तुमच्याकडे हे करत होते का?

---

गणिताच्या_बाई

करत होतो. सर तो कधीच गाळू देत नाहीत. पावसामुळे सराव रद्द झाला तरी कॉरिडॉरमध्ये तेवढा करून घ्यायचे. आणि व्हिडिओची युक्ती उद्याच सांगते त्यांना, ती आम्ही केली नव्हती.

---

सावनेरची_माय

मी इथं पहिल्यांदा लिहिते. माझी मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या मैदानावर मुलांसोबत फुटबॉल खेळते. सासूबाई म्हणतात, पाय मोडला तर लग्नाचं काय. यजमान काही बोलत नाहीत. तुमच्या कीपरचं वाचून तिला दाखवलं तर ती दिवसभर तेच सांगत फिरतेय. खेळून पुढं होतं काय, एवढं कोणी सांगाल का?

---

जुना_रविनगरी

सावनेरच्या ताई, याचं उत्तर मी देतो.

विद्यापीठ संघात निवड झाली की कलर, म्हणजे विद्यापीठाचा खेळाडू असल्याचा मान मिळतो, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथं महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठं येतात. मुलगी घर सोडून दुसऱ्या राज्यात जाते, चार दिवस संघाबरोबर राहते, परत येते तेव्हा वेगळी असते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठराविक स्पर्धांमधलं प्रावीण्य लागतं, नुसतं खेळणं पुरत नाही, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा. आणि ५ जुलै २०२५ ला चियांग मायमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि भारत पहिल्यांदा पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकाला गेला. तो सामना मी पाहिला. मुलीला तो दाखवा, सासूबाईंनाही.

आणि बाई, स्वच्छतागृहाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. आमच्या वेळी मुलींचा संघच नव्हता, आणि का नव्हता हे कोणी विचारलंही नाही. सामन्यांच्या संख्येचा मुद्दा मी मागे घेतो. क्लबचा नाही घेत, त्यावर पुन्हा बोलू.

---

गणिताच्या_बाई

सावनेरच्या ताई, आमच्या कीपरच्या आईचंही हेच म्हणणं होतं. त्यांना मी नोकरीचं काही सांगितलं नाही. मुलीचं हिमोग्लोबिन जुलैत किती होतं आणि ऑक्टोबरात किती, ते दोन कागद समोर ठेवले. त्यांनी ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलेत म्हणे. मुलीला सुट्टीत एक दिवस आमच्या सरावाला पाठवा, कीपर स्वतः तिला मैदान दाखवील.

---

नागनदीकाठ

नागपुरात फुटबॉलवर बोलायचं आणि विजय बारसे सरांचं नाव घ्यायचं नाही असं होऊ नये. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे बारसे सर. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली पायानं मारताना त्यांनी पाहिली आणि तिथून झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. २०१६ ला त्यांच्या स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. कॉलेजातल्या एका मास्तरानं ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच गावात आहे. गणिताच्या बाईंना आणि त्यांच्या सरांना मी त्याच ओळीत बघतो.

---

भंडाऱ्याचा_मास्तर

नमस्कार मॅडम. मी भंडारा जिल्ह्यात एका लहान कॉलेजात आहे. सगळं वाचलं. आमच्याकडे खेळायला तयार अशा सात-आठ मुली आहेत, त्यातल्या बहुतेक खो-खोच्या. मैदान आहे, गोलपोस्ट बांबूचे. पैसा जवळजवळ नाही. पुढच्या वर्षी संघ उतरवायचा तर सुरुवात कुठून करू?

---

गणिताच्या_बाई

सर, खो-खोच्या मुली असतील तर तुम्ही अर्धं काम केलंय. वळणं आणि झपकन दिशा बदलणं त्यांना शिकवावं लागत नाही.

अकरा जणी जमायची वाट बघू नका. पाच-पाचच्या दोन बाजू करून लहान मैदानावर खेळवा, आठ असतील तर चार-चार. चेंडूला पाय जास्त वेळा लागतो. पहिला खर्च चेंडूंवर करा, पाच नंबरचे, दोघींत एक तरी. जर्सी नंतर. स्टडचे बूट लगेच नकोत. कडक मातीवर लांब स्टड टाचेला आणि पोटरीला त्रास देतात, रबराच्या बारीक खिळ्यांचे साधे बूट चालतात. शिनगार्ड मात्र हवेतच, त्याशिवाय पंच मैदानात उतरू देणार नाहीत. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथल्या डॉक्टरांना भेटा. आणि बरोबर यायला तयार असलेली एक महिला सहकारी आत्ताच शोधा, तिचं काम लेखी ठरवून घ्या. यावर संघ अडतो, खेळावर नाही.

गोलपोस्ट बांबूचे असू द्या, फक्त माप बरोबर ठेवा : ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. कीपरला खरं अंतर डोळ्यांत बसायला हवं.

---

भंडाऱ्याचा_मास्तर

आमचे गोल सहा मीटरचे निघाले, आत्ता मोजले. उद्या नवीन बांबू आणतो. एक सहकारी मॅडम तयार आहेत, आजच विचारलं. मॅडम, तुमचा संघ जानेवारीत एक मैत्रीचा सामना खेळेल का? येण्याजाण्याची सोय आम्ही करू, जेवण माझ्या घरी.

---

गणिताच्या_बाई

येऊ. परीक्षा संपल्यावरचा पहिला रविवार धरा, सकाळी आठला. पाच-पाच जणींचे दोन डाव खेळू, म्हणजे तुमच्या सगळ्या मुली मैदानात येतील. चेंडू आम्ही आणतो. मैदानाजवळ मुलींसाठी खोली आणि पाणी तेवढं बघून ठेवा.

---

कामठीचा_हाफ

मीबी येतो, भाचीला घेऊन. लाईन्समन पाहिजे असन तर मी उभा राहतो, झेंडी माह्याजवळ हाये.